बेडकाचा डोळा आणि कॅमेऱ्याची रोजकीर्द



गेल्या महिन्यात आमच्या अडाजणच्या सोसायटीच्या फाटकाजवळ एका काकूंना स्कूटरचा धक्का लागला. स्कूटर कोणाची, हे शोधायला आम्ही चौघे कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग पाहत बसलो. दोन तास रिकामा रस्ता आणि नेमक्या क्षणी स्कूटरच्या जागी पुसट रेघ! असे का होते, म्हणून थोडे वाचन केले. मी बी.कॉम. झालेला, म्हणून बँकेच्या भाषेत सांगतो.

साधा कॅमेरा सेकंदाला साधारण 25 चित्रे घेतो. काही हलले नाही तरी दर वेळी पूर्ण चित्र. म्हणजे एका खात्यात व्यवहार झाला की सगळी खातेवही नव्याने लिहायची! आणि ताशी 36 किलोमीटरने जाणारी स्कूटर दोन चित्रांच्या दरम्यान 40 सेंटिमीटर पुढे गेलेली असते.

निसर्गाची रीत वेगळी. अमेरिकेतील एमआयटीत जेरोम लेटविन व सहकाऱ्यांनी 1959 मध्ये बेडकाच्या डोळ्यावर शोधनिबंध लिहिला. हलणारी माशी बेडूक झटकन पकडतो, पण न हलणाऱ्या माश्यांच्या ढिगात तो उपाशी मरेल. त्याचा डोळा मेंदूला सगळे दृश्य पाठवत नाही, कामापुरतेच कळवतो.

पुढे मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी डोळ्याच्या पडद्यासारखी सिलिकॉनची चिप बनवली. त्याच वाटेने 'इव्हेंट कॅमेरा' आला. त्यातला प्रत्येक बिंदू प्रकाश बदलला तरच नोंद करतो: जागा कोणती, वेळ कोणती, प्रकाश वाढला की घटला. ही झाली रोजकीर्द. व्यवहार झाला तरच नोंद. वेळेची नोंद सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत बारीक असू शकते.

बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2023 मध्ये असाच कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून 50 नॅनोमीटरहूनही लहान कण टिपले. साधा सूक्ष्मदर्शक 200 नॅनोमीटरच्या आसपासच अडखळतो.

उणीवही आहे. खांबावर स्थिर बसवलेल्या अशा कॅमेऱ्याला उभा ट्रक दिसत नाही. त्यामुळे साध्या कॅमेऱ्याची सोबत लागतेच.

काकू आता बऱ्या आहेत. स्कूटर कोणाची, ते अजून कळलेले नाही. कॅमेरा कितीही तल्लख असला तरी तो धक्का लागल्यावर साक्ष देणार. तेव्हा मंडळी, फाटकातून गाडी जरा हळूच काढा.