तीळ स्कॅन करणारं ॲप की बायोप्सी? डॉक्टरांना काय विचारायचं?

‘तिळाचा फोटो काढा, कॅन्सर आहे का ते कळेल’ असं सांगणारी ॲप्स तुम्ही पाहिली असतील. एआय यात खरंच हुशार झालंय. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० फोटोंवर मॉडेल ट्रेन केलं आणि ते त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचं ठरलं. पण मित्रांनो, मॉडेलचं उत्तर बरोबर की चूक, हे कशावरून ठरवलं? बायोप्सीच्या रिपोर्टवरून!

कारण कॅमेऱ्याला फक्त वरचा भाग दिसतो. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये तो किती मिलिमीटर खोल गेलाय, यावर पुढचे उपचार ठरतात. ती खोली मायक्रोस्कोपखालीच मोजता येते.

बायोप्सीचे प्रकार

- शेव्ह: ब्लेडने वरचा थर काढतात. बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. पण काप उथळ गेला, तर खोली नीट कळत नाही.
- पंच: गोल पात्याने काही मिलिमीटरचा, पण खोलवरचा तुकडा काढतात. एखादा टाका पडू शकतो.
- एक्सिजनल: पूर्ण डाग, कडेच्या थोड्या चांगल्या त्वचेसह काढतात. मेलानोमाचा संशय असेल तर शक्यतो हीच करतात.
- इन्सिजनल: डाग मोठा असेल तर त्याचा काही भागच काढतात.

सगळ्यांत जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात. आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्यासाठी कोणती बायोप्सी आणि तीच का?
२. पूर्ण डाग निघणार की तुकडा?
३. टाके, व्रण आणि जखमेची काळजी कशी?
४. रिपोर्ट कधी येणार आणि कोण समजावणार?
५. मेलानोमा निघाला तर रिपोर्टमध्ये खोली दिलेली असेल ना?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ॲलर्जी असेल, तर तेही आधीच सांगा.

मग फोन कशाला?

नोंद ठेवायला. त्याच उजेडात, बाजूला पट्टी ठेवून दर महिन्याला फोटो काढा. बायोप्सीआधीही जागेचा एक फोटो हवाच. जखम भरल्यावर नेमकी जागा ओळखायला तो उपयोगी पडतो. सावळ्या त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, तिथेही बघा.

डाग वाढतोय, रंग बदलतोय किंवा त्यातून रक्त येतंय? मग ॲपने हिरवा टिक दिला तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.