कुट्टनाडचे मृत्युपत्र आणि झाडीपट्टीचे धान

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांची ओळख साधारणपणे वाघ, कोळसा, तेंदूपत्ता आणि गोंड राजांचे किल्ले यांवरून होत असली, तरी कॅथलिक धर्मसभेच्या नकाशावर हा भूभाग ‘चांदा धर्मप्रांत’ या नावाने नोंदलेला असून त्याचे मुख्य केंद्र कागद कारखान्यामुळे सर्वपरिचित असलेल्या बल्लारपुरात आहे. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अधिकारातील प्रदेश. १९६२ मध्ये हा प्रदेश नागपूरच्या धर्मप्रांतापासून वेगळा काढून केरळातील सिरो-मलबार धर्मसभेकडे सोपवण्यात आला, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये त्यातून आदिलाबादचा भाग स्वतंत्र झाला. संत थॉमस इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला अशी परंपरा सांगणारे, उपासनेत पूर्व-सिरियाई पद्धत पाळणारे आणि तरीही रोमच्या पोपला मानणारे जे ख्रिस्ती, त्यांची ही धर्मसभा होय. गोव्यातील वा वसईतील कॅथलिक लॅटिन पद्धतीचे असतात. त्यामुळे बल्लारपूर आणि वसई ही दोन्ही गावे महाराष्ट्रात व एकाच पोपच्या छत्राखाली असूनही त्यांची उपासना एकसारखी नाही.

या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे आणि त्यातही शेतीवर जगणारा वर्ग आणखी लहान आहे. संख्येचा हा तोकडेपणा लक्षात घेतला, तर भाविक कॅथलिक शेतकऱ्याचे जीवन समजून घेण्यासाठी चर्चच्या इमारतीकडे पाहण्यापेक्षा त्याच्या घराकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. कारण चर्च दूर आणि धर्मगुरू क्वचित भेटणारा असला, की धर्माचा बराचसा भार घरच्या कर्त्या माणसावर येऊन पडतो. हा भार कसा वाहावा, याची एक लेखी शिस्त सिरो-मलबार परंपरेत पूर्वीपासून आहे आणि विशेष म्हणजे तिचा उगम मठात राहणाऱ्या विद्वानांच्या वादांत नसून भाताच्या खाचरांत आहे.

चांदा धर्मप्रांताचे काम ज्या संघाने आरंभिले, तो ‘कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ हा भारतीय कॅथलिकांचा स्वतःचा संन्यासी संघ १८३१ मध्ये केरळातील मान्नानम येथे स्थापन झाला. त्याच्या तीन संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांना २०१४ मध्ये संतपद देण्यात आले. त्यांचा जन्म कुट्टनाडमधील कैनकरी या गावचा. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली जमीन बांध घालून, पाणी उपसून लागवडीखाली आणणारा हा प्रदेश आहे. १८६८ मध्ये चावरांनी आपल्या गावकऱ्यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले, जे ‘एका चांगल्या पित्याचे मृत्युपत्र’ या अर्थाच्या मलयाळी नावाने ओळखले जाते. त्यात कुटुंबाच्या वागणुकीचे चोवीस नियम आणि मुलांच्या संगोपनाचे सोळा नियम असून, संपत्तीऐवजी उपदेशच वारसा म्हणून मागे ठेवण्याची कल्पना त्यामागे आहे.

वाचकाला आश्चर्य वाटावे अशी गोष्ट ही की, या मृत्युपत्रात गूढ धर्मतत्त्वे जवळजवळ नाहीत आणि शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहाराच्या गोष्टी मात्र भरपूर आहेत. कर्ज शक्यतो काढू नये आणि घेतलेले वेळेवर फेडावे. मजुराची मजुरी अडकवून ठेवू नये. भावकीतला तंटा कोर्टात नेऊ नये, कारण कोर्टात जिंकणाराही अखेरीस हरतोच. श्रीमंतीचा देखावा करू नये. आळशी बसू नये. घरात चांगली पुस्तके ठेवावीत. सायंकाळची प्रार्थना ठरल्या वेळी व्हावी आणि घरी पाहुणे आले म्हणून ती चुकवू नये. मुलांना सतत मारझोड करू नये, जाणत्या वयात आपला जीवनमार्ग निवडण्याची मोकळीक त्यांना द्यावी आणि आईवडिलांनी शुद्धीत असतानाच जमिनीची वाटणी करून टाकावी, हेही त्यात येते. सावकारी, मजुरांचे थकलेले पैसे, लग्नखर्च आणि बांधावरून चालणारे पिढीजात खटले ही विदर्भातल्या शेतीची नेहमीची दुखणी ज्याला ठाऊक आहेत, त्याला हा मजकूर दीडशे वर्षांपूर्वीचा आणि परप्रांतातला आहे असे वाटण्याचे कारण नाही. भक्तीची कसोटी इथे देव्हाऱ्यापुढे लागत नाही, ती सालगड्याचा हिशेब करताना लागते, आणि या मृत्युपत्राचे खरे मोल त्यातच आहे.

चावरांच्या नावाशी जोडली गेलेली दुसरी प्रथा मराठी वाचकाला आणखी जवळची वाटेल. ‘पिडियरी’ म्हणजे मूठभर तांदूळ: घरातल्या बाईने स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि साठलेल्या धान्यातून गरीब शाळकरी मुलांना जेवण द्यायचे, अशी ही योजना होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने पुढे चालवलेला मुष्टिफंड आठवला, की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन शेतकरी समाजांना शाळा उभारण्यासाठी एकच उपाय सुचला हे दिसून येते.

सिरो-मलबार कुटुंबात घरधन्याला याजकासारखे स्थान देणारा एक विधी पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, रात्री घरातच होतो. येशूने शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनाची ती आठवण असते. तांदळाचे पीठ व उडीद यांची, न आंबवलेली भाकर वाफवून तयार केली जाते, झावळीच्या पानाचा छोटा क्रूस तिच्यावर ठेवला जातो आणि नारळाच्या दुधात गूळ घालून केलेले पेय सोबत असते. प्रार्थनेनंतर घरातला ज्येष्ठ पुरुष भाकर कापतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवतो. त्या वर्षी घरात मृत्यू झाला असेल, तर भाकर केली जात नाही आणि शेजारचे वा नातेवाईक आपल्याकडचा वाटा आणून देतात. गव्हाच्या प्रदेशातून आलेला धर्म भातखाऊ घरात किती खोलवर रुजला, हे समजायला एवढी एक भाकर पुरे.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून होणाऱ्या धानाच्या पट्ट्यात, चर्चचे वर्ष आणि शेतीचे वर्ष यांची गाठ मोठ्या चमत्कारिक रीतीने पडते. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो, सिरो-मलबार पद्धतीत तो लॅटिन पद्धतीतल्या बुधवारऐवजी सोमवारी सुरू होतो, आणि नेमक्या याच दिवसांत मोहफुले पडू लागून पहाटे टोपल्या घेऊन रानात जाण्याची घाई असते. रोवणीच्या धांदलीत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, नाताळ वा ईस्टरच्या तोडीचा सण नाही. नाताळ येतो तेव्हा मात्र हलके धान बहुधा मळून झालेले असते. रविवारी विश्रांती घ्यावी असा दंडक असला, तरी कुटुंबाची गरज आणि समाजाला आवश्यक असलेले काम हे अपवाद धर्मसभेने मान्य केले आहेत, त्यामुळे मामा तलावाचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचे, पाणी आपल्या पाळीला आले असताना बांधीकडे न जाण्याची सक्ती कोणावरही नाही.

महाराष्ट्रात कॅथलिक शेतकरी समाज म्हणून जो खऱ्या अर्थाने जुना आणि मराठी आहे, तो वसई परिसरातील सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती समाज होय. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, पण राज्यकर्ते बदलले तरी हे शेतकरी आपल्या वाड्या, पानमळे, केळी आणि चर्च सांभाळत तिथेच राहिले. शहरीकरणाच्या रेट्यापासून ही शेती वाचवण्यासाठी झालेल्या हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या मराठी लेखक धर्मगुरूने केले होते. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या ‘आगेरा’ या सणात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित केल्या जातात. नवे धान्य देवाला व पूर्वजांना अर्पण केल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, हा गडचिरोलीतील माडिया गोंडांचा दंडक आणि आगेरा यांचे मूळ अर्थातच भिन्न आहे. तरी पहिल्या दाण्यावर आपला हक्क नाही ही भावना दोन्हीकडे सारखीच आहे.

कुटुंबवत्सल आणि कर्तव्यदक्ष शेतकऱ्याचा हा आदर्श अपुरा कुठे पडतो, हे पाहण्यासाठी युरोपकडे वळावे लागते. माद्रिदचा इसिदोर (अकरावे-बारावे शतक) हा शेतमजूर १६२२ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच संत घोषित झाला, पण त्याची कथा सोपी आहे: तो प्रार्थनेला बसला की देवदूत त्याचा नांगर धरीत. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याच्या मदतीला कोणीही आले नाही. १९३६ च्या पवित्र गुरुवारी त्याचे फ्रान्झिस्काशी लग्न झाले, दोघांना तीन मुली झाल्या, गावच्या चर्चची व्यवस्था तो पाहत असे. आणि हिटलरचे युद्ध अन्याय्य आहे असे ठरवून त्याने सैन्यात शस्त्र धरण्यास नकार दिला. बायकोमुलांचा विचार कर, असे त्याला धर्मगुरूंपासून बिशपपर्यंत अनेकांनी सांगितले. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला आणि २००७ मध्ये धर्मसभेने त्याला ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरील, घोषित केले. घर सांभाळणे हाच धर्म असे मानणाऱ्या शिकवणीला त्याच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच्या पश्चात शेती फ्रान्झिस्काने चालवली आणि विधवेचे निवृत्तिवेतन तिला १९५० पर्यंत नाकारले गेले. चावरांचे मृत्युपत्र पित्याच्या नावे आहे, पवित्र गुरुवारची भाकर पुरुष कापतो, इसिदोरच्या बायकोला सन्मान मिळाला तो त्याच्या नंतर. आणि झाडीपट्टीत चिखलात वाकून रोवणी करतात त्या बहुतांशी बायकाच. कायद्यापुरते पाहिले, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश हिस्सा विधवेला आणि उरलेला मुलगे व मुली यांना समान मिळतो. चावरांच्या स्वतःच्या मुलखात, जुन्या त्रावणकोरात, मुलींना हा समान हक्क मिळण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि तो निकाल १९८६ मध्ये लागला. अनुसूचित जमातीतील ख्रिस्ती कुटुंबांत रूढीचा प्रश्न त्यात भर घालतो. हिस्सा मिळाला तरी सातबाऱ्यावर नाव चढण्यासाठी वारसाचा फेरफार करून घ्यावा लागतो, आणि शुद्धीत असतानाच वाटणी करून टाका हा चावरांचा सल्ला तलाठ्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या कोणत्याही धर्माच्या विधवेला लगेच पटेल.