खलनायक आवडतो, पण कुठपर्यंत?

‘शोले’ १९७५ साली आला. जय-वीरू सगळ्यांचे लाडके झाले, पण घराघरात नक्कल झाली ती गब्बरची. चित्रपटाच्या संवादांच्या तबकड्या विकल्या गेल्या. पुढे तर अमजद खान गब्बरच्याच वेषात ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत झळकले. ज्याचं नाव काढलं की पोरं गपगार व्हायची, तोच त्यांना बिस्किटं खाऊ घालू लागला!

तो का भुरळ घालतो?

आपण दिवसभर मन मारत असतो. साहेबांना उलट उत्तर देता येत नाही, नको त्या पाहुण्यांसमोरही हसावं लागतं. खलनायकाला असली बंधनं नसतात. मनात येईल ते तो बोलतो आणि करतो. नायक कसा वागणार हे ठरलेलं असतं, याचा मात्र नेम नसतो. शिवाय शेवटी तो हरणार याची खात्री असते, त्यामुळे तीन तास त्याचा माज बिनधास्त पाहता येतो.

निळूभाऊंचा दरारा

मराठीत खलनायक म्हटलं की आधी निळू फुले आठवतात. ‘सामना’मधला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आवाज न चढवताही धडकी भरवतो. प्रत्यक्षात निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला साथ देणारे साधे गृहस्थ. तरीही पडद्यावर त्यांना पाहून बायका बोटं मोडायच्या, कारण सत्तेच्या जोरावर गावाला नाचवणारी अशी माणसं अनेकींनी जवळून पाहिलेली होती. तो राग हीच त्यांच्या अभिनयाला मिळालेली सर्वांत मोठी दाद.

आज त्यांची आठवण निघते ती बहुतेकदा ‘बाई, वाड्यावर या’ या वाक्याने. नकलांमध्ये, मीम्समध्ये, मित्रांच्या गप्पांमध्ये त्यावर हमखास हशा पिकतो. पण हे आमंत्रण नव्हे, धमकी आहे. जिला बोलावलंय तिला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही. खलनायकाची ऐट आपल्या लक्षात राहिली आणि ती बाई मात्र आपण विसरलो. ऑफिसात एखाद्या मुलीला कुणी हेच वाक्य गमतीने ऐकवलं, तर तिने हसावं की घाबरावं?

घरात काय करता येईल?

मुलांनी खलनायकाची नक्कल केली म्हणून लगेच डोळे वटारू नका. भारदस्त आवाज आणि चटपटीत संवाद कुणालाही आवडतात. फक्त चित्रपट संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा, ‘त्याच्यामुळे कुणाचं काय झालं?’ गब्बर होऊन घरभर फिरणाऱ्या चिरंजिवांना ठाकूरच्या हातांबद्दल बोलतं करा. खलनायक आवडला तरी चालेल, पण त्याने ज्यांना छळलं तेही मुलांच्या लक्षात राहायला हवेत.