मज्जातंतूंचा शर्करेवरील अंमल

चयापचयाच्या विकारांवर मज्जातंतूंच्या द्वारे इलाज करावा, ही कल्पना नवी भासली, तरी तिचे मूळ १८४९ सालातले आहे. त्या वर्षी क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूतील चौथ्या विवराच्या तळाशी सुई टोचली आणि लवकरच सशाच्या मूत्रात साखर उतरली; म्हणजे मज्जासंस्थेला डिवचले की चयापचय बदलतो, हे दिसले. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्थूलतेवर मंजूर केलेले विद्युत्यंत्र मात्र, गंमत अशी की, व्हेगस मज्जातंतूला चेतवीत नाही, तर जठर आणि मेंदू यांमधील त्याची निरोपांची ने-आण अडवून धरते. या यंत्राच्या चाचणीत वर्षाअखेर रुग्णांचे जादा वजन सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी घटले खरे, परंतु निव्वळ नावाचे यंत्र बसविलेल्यांचेही सुमारे १६ टक्क्यांनी घटले.