हेडर बदलण्याआधी

धुळे-सुरत महामार्गावर कोंडाईबारीचा घाट चढताना लहान पेट्रोल गाडीची कसोटी लागते. पुढे ट्रकची रांग, ओव्हरटेकला जागा थोडी, आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही असं वाटतं. नवापूरपासून धुळ्यापर्यंतच्या हौशी चालकांना अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: कंपनीचा मॅनिफोल्ड काढ, फ्री-फ्लो हेडर बसव, गाडी सुटेल. हा सल्ला सपशेल खोटा नाही. मात्र तो ज्या गाड्यांच्या काळात तयार झाला, त्या गाड्या आता रस्त्यावर थोड्याच उरल्या आहेत.

इंजिनाच्या हेडमधून जळका वायू बाहेर पडतो तिथे पहिला भाग असतो मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत तो बिडाचा असे: आखूड वाटा, लगेच एकत्र येणाऱ्या. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची स्टीलची नळी असते. या नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या असतात आणि पुढे कलेक्टरमध्ये मिळतात.

इथूनच सर्वांत मोठा गैरसमज सुरू होतो, की नळी जितकी जाड तितका इंजिनाचा श्वास मोकळा. प्रत्यक्षात हेडरचं काम वायूला मोकळं सोडण्यापेक्षा वेळ साधण्याचं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण 600 मीटर असतो. कलेक्टरपाशी जागा एकदम रुंदावते, तिथून ती कमी दाबाची लाट होऊन उलटी फिरते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे असतात. लाट नेमकी तेव्हा परतली तर ती उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत खेचते. वायूचा स्वतःचा वेगही मदत करतो. नवापूर स्टेशनातून न थांबता गेलेल्या गाडीमागे फलाटावरचे कागद ओढले जातात, तसाच हा प्रकार.

आता हिशेब करून पाहा. नळी 85 सेंटीमीटरची असेल तर लाटेला जाऊन परत यायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. हा वेळ जवळपास कायम राहतो. इंजिनाचा एक फेरा मात्र 3000 आरपीएमला 20 मिलिसेकंदांचा असतो आणि 6000 ला 10 चा. म्हणजे एका लांबीचा हेडर प्रत्येक आरपीएमला सारखा जमणं शक्यच नाही. चारही नळ्या एकदम एकत्र आणणारा 4-1 हेडर सहसा वरच्या आरपीएमला चांगला चालतो. 4-2-1 मध्ये आधी दोन-दोन नळ्या मिळतात; 1-3-4-2 अशा फायरिंगच्या इंजिनात 1 व 4 आणि 2 व 3 यांच्या जोड्या लावतात, म्हणजे जोडीतले दोन स्फोट एकमेकांत गुंतत नाहीत. अशा हेडरचा फायदा मधल्या आरपीएमला जास्त जाणवतो. घाटात आपण बहुतेक वेळ 2500 ते 4000 मध्ये असतो. रेससाठी बनवलेला जाड नळ्यांचा हेडर तिथे गाडी आणखी मंद करू शकतो.

हा अनुभव आला की लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच. तेही खरं नाही. मागून येणारा दाब कुठल्याच इंजिनाला हवा नसतो. नळी अति जाड केल्यावर हरवतो तो वायूचा वेग.

आवाजाबद्दल थोडक्यात. पातळ स्टीलच्या नळ्या बिडापेक्षा जास्त वाजतात आणि कान त्याला ताकद समजतो. ताकद वाढली का, हे बदलाआधी आणि नंतर त्याच डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवल्यावरच कळतं. टर्बो नसलेल्या दीड लिटर इंजिनात नुसत्या हेडरने मिळणारी वाढ सहसा एक आकडी हॉर्सपॉवरची असते.

खरा पेच नव्या गाड्यांचा आहे. 2006 मध्ये भारतात आलेल्या होंडा सिव्हिकच्या 1.8 लिटर इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसच्या टीएसआय इंजिनातही तसंच, आणि त्याला लागून लगेच टर्बो. या गाड्यांना हेडर बसवायला जागाच नाही. तरी ‘हेडर’ म्हणून विकलं जातं ते बऱ्याचदा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) काढून टाकलेलं डाउनपाइप, म्हणजे पुढची नळी, असतं. इतर अनेक बीएस-6 पेट्रोल गाड्यांत कॅट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, कारण सुमारे 300 अंशांना तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. इंजिनाजवळ तो लवकर तापतो. तिथे हेडर बदलणं म्हणजे कॅट काढणं. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा बंदोबस्त करतात. तो गेला की हे सगळं बाजारपेठेत, शाळेच्या फाटकापाशी उभ्या माणसांच्या नाकात जातं. मला या विषयात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. ऑक्सिजन सेन्सरला फसवून चेक लाइट विझवणारे तुकडेही मिळतात, पण त्याने धूर स्वच्छ होत नाही.

‘ईसीयू (इंजिनाचा संगणक) आपोआप जुळवून घेतो’ हे अर्धसत्य आहे. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास धरतो, तेही ठरावीक मर्यादेत. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बहुतेक गाड्या आधी भरलेल्या आकड्यांवर चालतात. शिवाय हेडरचं वेल्डिंग किंवा गॅस्केट सेन्सरच्या आधी फुटलं तर बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू ते वाढवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. त्यामुळे की काय, हद्द ओलांडली की हेडरबाबतचा नियम बदलतो असंही ऐकू येतं. मोटार वाहन कायदा 1988 केंद्राचा आहे. एमएच-39 ची गाडी नंदुरबारला असो की सोनगडला, तोच लागू. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. कलम 182अ(4) खाली दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-धुराची मर्यादा मोडल्यास कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सही जातं.

घाटात गाडी ओढत नसेल तर आधी क्लच घसरतोय का ते बघा, मग प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि कॉम्प्रेशन. पुष्कळदा एक गिअर खाली घेतलं की भागतं. आणि कुणी आधीच मॅनिफोल्ड बदलला असेल, तर काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नये. कॅटमधल्या धातूंपायी त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं, पण 15 वर्षांनी खासगी गाडीची आरसी नव्याने करायला जाल, तेव्हा आरटीओच्या तपासणीत तोच कामाला येतो.