बंदूक, आडधनुष्य आणि फासा : उतारवयातील शिकाऱ्याच्या साधनबदलाचा विचार

उतारवयात मनुष्याचा व्यासंग सहसा सुटत नाही. त्याची साधने मात्र बदलतात. शेतकरी नांगर मुलाच्या हाती देतो आणि स्वतः माचाणावर राखणीला बसतो. अमेरिकेतील अनेक वयस्क हरिणशिकाऱ्यांच्या बाबतीत असाच एक बदल अलीकडील काही दशकांत दिसून आला आहे. आयुष्यभर वापरलेली बंदूक खाली ठेवून ते इंग्रजीत ज्याला क्रॉसबो म्हणतात ते धनुष्य हाती घेतात. हे धनुष्य बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसविलेले असते. म्हणून प्रस्तुत लेखात त्यास आडधनुष्य म्हटले आहे.

भारतात हरिणाची शिकार कायद्याने बंद असल्यामुळे हा विषय प्रथमदर्शनी आपणांस परका वाटेल. तथापि सोलापूरच्या उत्तरेस वीसेक किलोमीटरांवर नान्नजचे माळरान आहे आणि तेथे काळविटांचे कळप आजही चरताना दिसतात. या माळावर बंदुकीने आणि बंदुकीवाचूनही हरिणे मारली गेली आहेत. साधन बदलल्याने शिकारी आणि सावज यांच्या संबंधात नेमके काय बदलते, हा प्रश्न म्हणून आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचा ठरत नाही.

आडधनुष्य हे नवे यंत्र नव्हे. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व काळापासून ते युद्धात वापरले जात असे; शिआन येथील मृण्मय सैन्याच्या उत्खननात त्याचे काशाचे चाप सापडले आहेत. युरोपात ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरविला. या निषेधाचा फारसा परिणाम झाला नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड अशाच धनुष्याच्या बाणाने झालेल्या जखमेमुळे मरण पावला. हे हत्यार इतके धास्तीचे का ठरले, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. साध्या धनुष्यात ताणलेली दोरी नेम धरेपर्यंत बाहुबलाने तोलून धरावी लागते. आडधनुष्यात ती एका खाचेत अडकते आणि चाप ओढताच सुटते. ताणण्याचे श्रम व नेम धरण्याचे कौशल्य या दोन गोष्टी येथे परस्परांपासून वेगळ्या होतात. वर्षानुवर्षांच्या तालमीने कमावलेला खांदा ज्याला नाही, असा मनुष्यही मग तिरंदाज होऊ शकतो. वृद्धाला हे साधन सोयीचे वाटते त्याचे मूळ कारण हेच होय. आजच्या शिकारी आडधनुष्याची दोरी ताणण्यास ७० ते ९० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागतो. परंतु तिला हातरहाट लावला असता अशक्त मनुष्यही ती सावकाश चढवू शकतो.

बंदूक सोडण्याची कारणे मुख्यतः शारीरिक आहेत. बंदुकीचा धक्का खांद्यावर बसतो आणि झिजलेल्या सांध्याला तो असह्य होतो. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलांच्या वर जातो. आधीच मंदावलेल्या श्रवणशक्तीची त्यामुळे अधिक हानी होते. हरिणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित रायफलीची गोळी सुमारे ९.७ ग्रॅम वजनाची असून सेकंदाला सुमारे ८८० मीटर वेगाने निघते. आडधनुष्याचा बाण सुमारे २६ ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला १०७ मीटरांच्या आसपास असतो. यावरून गोळीचा संवेग बाणाच्या तिप्पट भरतो. गोळीबरोबर बाहेर पडणाऱ्या वायूंचा संवेग जमेस धरला तर हा फरक आणखी वाढतो. वृद्धाच्या खांद्याला मिळणारा दिलासा या आकड्यांत आहे.

परंतु या दिलाशाची किंमत कोण देतो, हेही त्याच आकड्यांवरून काढता येते. गोळीची गतिज ऊर्जा सुमारे ३,७५० ज्यूल, तर बाणाची सुमारे १५० ज्यूल, म्हणजे पंचविसावा हिस्सा. गोळी आघाताने ऊती फाडते. बाण मात्र रुंद पात्याने रक्तवाहिन्या कापतो आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. पाते हृदयात किंवा फुप्फुसात गेले तर मृत्यू लवकर येतो. पोटात किंवा मांडीत गेले तर जखमी हरिण दूर पळून तासन्‌तास तडफडते.

आता ३५ मीटरांवर उभ्या असलेल्या हरिणाचा विचार करू. गोळीला तेथे पोहोचण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तिचा वेग ध्वनीहून अधिक असल्याने आवाज हरिणाच्या कानी पडण्यापूर्वीच ती लागलेली असते. बाणाला सुमारे ०.३३ सेकंद लागतो, तर दोरीचा आवाज ०.१० सेकंदात पोहोचतो. उरलेल्या ०.२३ सेकंदात दचकलेले हरिण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि फुप्फुसाच्या नेमाने सोडलेला बाण वर पाठीत शिरतो किंवा अजिबात चुकतो. शिवाय एवढ्या काळात बाण स्वतः सुमारे अर्धा मीटर खाली येतो. म्हणून अंतराचा अंदाज पाच-सात मीटरांनी चुकला तरी नेम चुकलाच. जाणते शिकारी तीस-चाळीस मीटरांपलीकडे आडधनुष्य वापरू नये असे मानतात, त्यामागील गणित हे असे आहे. बंदूकधारी दोनशे मीटरांवरून जे साधतो, ते आडधनुष्याने साधण्यास मनुष्याने सावजाच्या अगदी निकट जाऊन स्तब्ध बसले पाहिजे. यंत्र शरीराचा भार हलका करते, पण त्याच प्रमाणात संयमाचा भार वाढविते.

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी या दोन बाजूंना वेगवेगळे वजन दिले आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात प्रथम ६५ वर्षांवरील व अपंग शिकाऱ्यांनाच तिरंदाजीच्या हंगामात आडधनुष्य वापरण्याची मुभा होती. २०१४ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. वृद्धांसाठी दिलेली सवलत पुढे सर्वसाधारण नियम कशी बनते, याचे हे बोलके उदाहरण आहे. उलट इंग्लंडमध्ये हरिणाची शिकार बंदुकीने करता येते, पण १९९१ च्या हरिणविषयक कायद्याने त्यावर बाण सोडण्यास मनाई केली आहे. एका ठिकाणी वयस्क नागरिकाची सोय निर्णायक ठरली, तर दुसऱ्या ठिकाणी प्राण्याच्या वेदनेची शक्यता.

सोलापूरच्या माळाकडे वळताना प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मराठीत आपण दोहोंनाही हरिणच म्हणतो. परंतु अमेरिकेतील शेपूट-पांढरे हरिण दरवर्षी शिंगे गाळणाऱ्या सारंगकुळातील आहे, तर आपले काळवीट न गळणारी शिंगे असलेल्या कुरंगवर्गातील आहे. त्याहून महत्त्वाचा भेद भूमीचा. अमेरिकन हरिण झाडीत राहते. शिकारी झाडावर बैठक बांधून त्याच्या वाटेवर बसतो आणि ते वीस-तीस मीटरांवर येते. काळवीट उघड्या कुसळी गवताच्या माळावर राहते, दुरून पाहते आणि वेगाने पळते. तेथे आडोसाच नसल्याने आडधनुष्य निरुपयोगी ठरले असते. त्यामुळे या भूमीने वेगळी उत्तरे शोधली. दुरून मारणारी रायफल हे एक उत्तर. कोल्हापूर संस्थानात काळविटांवर शिकवलेले चित्ते सोडीत आणि विसाव्या शतकात त्यांसाठी आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात आले. वेगाला वेगाने गाठण्याचे हे दुसरे उत्तर. तिसरे आणि सर्वांत कमी खर्चाचे उत्तर फासेपारध्यांचे होते. शिकवलेल्या बैलाच्या आडून पारधी कळपाच्या जवळ सरकत असे, दोरीला ओळीने बांधलेले फासे कळपाच्या वाटेवर मांडीत असे आणि मग जनावरे हलकेच त्या दिशेने वळवीत असे. माळावर नसलेला आडोसा त्याने बैलाच्या रूपाने चालता केला होता.

आडधनुष्याला आवश्यक असलेले सारे गुण, म्हणजे सान्निध्य, स्तब्धता, वाऱ्याची व वाटेची जाण, या पद्धतीत होते, आणि तिला खांद्याचे बळ लागत नव्हते. परंतु इतिहासाने परवानाधारक बंदूकवाल्याला शौकीन मानले, आणि गुन्हेगार जमाती कायद्याखाली फासेपारध्यांना मात्र जन्मजात गुन्हेगार ठरविले. सोलापुरात या कायद्याखालील जमातींची तारेच्या कुंपणातील वसाहत होती, हे आपणांस ठाऊक आहेच. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साधनांतील हा भेदच संपविला. त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी, विष, फासे व सापळे यांचा समावेश आहे. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे आणि फासात अडकविणेही येते. काळवीट पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले, त्याचा आसरा काळविटांनाही मिळाला. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्याचे परिणाम सर्वांना सारखे झाले नाहीत. शौकीन शिकाऱ्याचा एक छंद गेला. पारध्याची उपजीविका गेली, आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने जमलेले ज्ञानही निरुपयोगी ठरले.

सारांश, बंदुकीकडून आडधनुष्याकडे वळणाऱ्या वृद्धाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न ‘मला अजून जमेल काय’ एवढाच नाही. आपल्या सोयीसाठी दुसऱ्या जिवाची वेदना वाढविण्याचा धोका आपण पत्करतो आहोत काय, हा त्याचा खरा प्रश्न आहे. आणि नेमाची खात्री नसेल तेव्हा बाण न सोडणे हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होय. आपल्याकडे तो प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे. परंतु काळवीट कोणत्या वाऱ्याला कोणत्या वाटेने जाते, कळपातील कोणती मादी प्रथम मान वर करते, हे वाडवडिलांकडून ऐकलेली माणसे पारधी वस्त्यांवर आज उतारवयात आहेत. त्यांच्या हातून फासा सुटला. त्या जागी दुसरे साधन त्यांना कोणी दिले नाही. माळरानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने वही घेऊन त्यांच्याजवळ आदराने बसावे, त्यांना गुरू मानावे आणि त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण या ग्रंथालयाचे आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढेच आहे.