पहिल्या तासाचे मोल

अर्थशास्त्राच्या वर्गात मूल्याचा सिद्धान्त शिकविताना पाणी आणि हिरा यांचा दाखला द्यावाच लागतो. जीवनावश्यक पाणी स्वस्त आणि शोभेचा हिरा महाग, ही विसंगती ॲडम स्मिथने १७७६ साली मांडली. तिचे याहून बोलके उदाहरण मला गेल्या वर्षी नागपुरातील एका प्रसूतिगृहात पाहावयास मिळाले. नात्यातील मुलगी सुखरूप बाळंत झाली, पेढे वाटले गेले. बाळ मात्र चार तास आईपासून दूर राहिले. तोवर कोणी मधाचे बोट चाटविले, कोणी भुकटीचा डबा आणून दिला. आईचे दूध त्याला सर्वांच्या शेवटी मिळाले.

प्रसूतीनंतरचे पहिले दूध, म्हणजे चीक, दाट, पिवळसर आणि थोडा असतो. त्यामुळे ‘दूध उतरलेच नाही’ असा समज होतो. काही घरांत तर तो पिळून टाकला जातो. वस्तुतः नवजात अर्भकाच्या इवल्या जठराला तेवढाच पुरतो, आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातच भरपूर असतात. शिवाय, बाळ लवकर चोखू लागले की पुढचे दूधही लवकर उतरते. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या समाजाला आईच्या चिकाचे मोल कळू नये, हे नवल होय. घाना देशाच्या ग्रामीण भागातील एका अभ्यासाने २००६ साली असा अंदाज मांडला की, सर्व अर्भकांना पहिल्या तासात स्तनपान मिळाले, तर तेथील नवजात मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के टळू शकतील.

आपल्याकडे हा दोष केवळ जुन्या रूढींच्या माथी मारता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण सुमारे ७९ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेले. पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.६ वरून जेमतेम ४१.८ टक्के झाले. माता रुग्णालयापर्यंत पोहोचली. रूढीची जागा तेथील घाईने घेतली, एवढेच!

याचे कारण उघड आहे. डब्याला किंमत आहे, म्हणून त्याला विक्रेताही आहे. त्याच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी घालावी लागली, ती उगाच नव्हे. आईच्या दुधाला विक्रेता नाही. त्याची बाजू सार्वजनिक संस्थांनीच घेतली पाहिजे. ते अशक्य नाही. मुंबईत शीव येथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली मानली जाते.

पहिल्या तासासाठी तर पेढीही लागत नाही. लागतो तो बाळाला आईच्या छातीशी लावून देणाऱ्या परिचारिकेचा थोडा वेळ. शस्त्रक्रियेनंतरही, माता शुद्धीवर आणि स्थिर असल्यास, हे बहुधा साधते. परंतु त्यासाठी पुरेशा परिचारिका नेमाव्या लागतील, आणि बाळाच्या जन्मवेळेशेजारी पहिल्या स्तनपानाची वेळही नोंदवावी लागेल. ज्याची नोंद नाही, त्याची जबाबदारीही कोणाची नसते.

बाळंतिणीला भेटावयास गेल्यावर आपण बाळाचे वजन आवर्जून विचारतो. बाळाला पहिल्या तासात अंगावर घेतले होते का, हेही विचारावयास शिकले पाहिजे. आणि तो प्रश्न बाळंतिणीला नव्हे, रुग्णालयाला विचारला पाहिजे.